घरचे आंबवण आणि राज्याचा महसूल: श्वेतसुरेपासून ‘रसायना’पर्यंत

१/
हातभट्टीवरील छाप्याच्या बातमीत एक शब्द हमखास आढळतो: ‘रसायन’. गूळ किंवा मोहफुले पाण्यात कालवून आंबवण्यास ठेवलेले हे द्रावण भट्टीवर चढण्याआधीच पोलीस जागेवर ओतून देतात. नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर पट्ट्यातही अशा बातम्या नव्या नाहीत. घरच्या माठातील गोड पाणी गुन्हा केव्हा ठरले, आणि का, याचा हा धागा.

२/
प्रथम माठात काय घडते ते पाहू. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. वजनाने पाहता साखरेचा सुमारे निम्मा भाग अल्कोहोल होतो. हे काम सजीव पेशी करतात, असे लुई पाश्चरने १८५७ नंतरच्या प्रयोगांतून दाखवले. मात्र माठ लावणाऱ्यांना फेस, वास आणि निवळ या तीन खुणा त्याच्या कितीतरी शतके आधीपासून ठाऊक होत्या.

३/
या ज्ञानाचा तपशीलवार पुरावा कौटिलीय अर्थशास्त्रात मिळतो. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा संहितेचा खंड १९६० साली निघाला. दुसऱ्या अधिकरणातील ‘सुराध्यक्ष’ या अध्यायात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार येतात. प्रत्येकाच्या कृती मापांसह दिलेल्या आहेत.

४/
सुरेचे विरजण म्हणजे ‘किण्व’. उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, एक द्रोण घ्यावा. त्यात एक-तृतीयांश अधिक तांदूळ आणि काही वनस्पती मिसळाव्यात, अशी त्याची कृती आहे. सुरा आणि किण्व यांसंबंधीचे निवडण्याचे काम स्त्रिया आणि मुलांनी करावे, असेही अध्यायात म्हटले आहे. हा धंदा राज्याच्या देखरेखीखाली असला, तरी त्यातले हात घरातलेच होते.

५/
आता निवळण्याकडे वळू. ‘प्रसन्ना’ या नावाचा अर्थच स्वच्छ, निवळलेली. गढूळ सुरा निवळण्यासाठी अर्थशास्त्रात एक चूर्ण सांगितले आहे. भाजलेल्या शर्करेच्या चूर्णाला पळस, करंज आणि चिकाच्या झाडांच्या काढ्याची भावना द्यायची, मग त्यात लोध्र, चित्रक, मुस्ता, कडुनिंब इत्यादींचा कल्क घालायचा. असे मूठभर चूर्ण राजाला पिण्यायोग्य मद्याची एक कुंभी निवळते. वर चव वाढवण्यासाठी पाच पळे काकवी घालण्यास सांगितले आहे.

६/
यामागील कारण आज समजते. आंबवण संपत आले की मृत यीस्ट, प्रथिने आणि पिठाचे कण द्रवात तरंगत राहतात. सालींमधील टॅनिन प्रथिनांना चिकटते, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. आजच्या वाइनरीत याच कामासाठी बेंटोनाइट नावाची माती वापरतात. पदार्थ बदलला, गाळ जड करून खाली बसवण्याची युक्ती मात्र तीच राहिली.

७/
याच अध्यायात या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. सुरेचा व्यापार राज्याच्या नियंत्रणात. ठरलेल्या जागेबाहेर तो करणाऱ्यास सहाशे पण दंड. परंतु कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्यात श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक दिलेली आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सूट आहे. एरवी अत्यंत कठोर वाटणाऱ्या या ग्रंथाने बाजारासाठी केलेले मद्य आणि घरच्या कार्यासाठी केलेले मद्य यांत स्पष्ट भेद केला आहे.

८/
अरिष्टाची परंपरा वैद्यकाने जपली. शार्ङ्गधरसंहितेत, जिथे प्रमाण सांगितलेले नसेल तिथे वापरायचे एक सर्वसाधारण प्रमाण आहे: एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप. आजच्या रूढ मापांत हे सुमारे १२ लिटर पाण्यात ४.८ किलो गूळ आणि २.४ किलो मध इतके होते. एवढ्या दाट गोडव्यात यीस्ट सगळी साखर संपवू शकत नाही. म्हणूनच आसव-अरिष्टे गोड राहतात आणि टिकतात.

९/
या कृतींत धायटीची फुले वारंवार येतात. सह्याद्रीच्या उतारांवर उमलणाऱ्या या लाल फुलांसोबत रानटी यीस्ट माठात येते आणि त्यांतील टॅनिन निवळण्यास साहाय्य करते. विरजण आणि निवळणी अशी दोन्ही कामे एकच फूल करते. डोंगराळ भागातील मोहाचेही असेच. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते; पाणी मिळताच ते आंबू लागते.

१०/
सुरा हे केवळ आंबवलेले पेय होते. आंबवलेल्या द्रावणातून वाफेने दारू काढण्याची रीत नंतरच्या काळात सर्वत्र रुळली आणि मोहाची दारू गावोगावच्या लहान भट्ट्यांवर निघू लागली. मुंबई इलाख्यात या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव १८७८ च्या आबकारी कायद्याने घातला. त्याच वर्षी पेठच्या बेगमेचे निधन झाले आणि ते संस्थान ब्रिटिश मुलखात विलीन झाले. नाशिकच्या पश्चिमेकडील मोहाचा डोंगर आणि नवा कायदा एकाच वर्षी एका सत्तेखाली आले.

११/
या धोरणामागील प्रमुख अधिकारी म्हणजे चार्ल्स प्रिचर्ड. विखुरलेल्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मध्यवर्ती भट्टीवर काढायची, तिची तीव्रता मोजायची आणि त्यानुसार गॅलनमागे कर घ्यायचा, ही त्याची रीत. घरच्या माठाला यात जागा नव्हती, कारण त्यातील दारू कोणी मोजत नव्हते. पुढे १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरही बंधन आले. तिथे सरकारची नजर दारूवरून कच्च्या मालावर गेली. दुष्काळात हीच फुले भाजून, शिजवून पोट भरणाऱ्यांना त्याची झळ बसली.

१२/
परिणामी आदिवासी कुटुंब स्वतःच्या फुलांची दारू काढण्याऐवजी परवानाधारकाच्या दुकानातील दारू उधारीवर घेऊ लागले. दक्षिण गुजरात आणि ठाण्याकडील पट्ट्यात ही दुकाने बहुधा पारशी व्यापाऱ्यांची होती. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावर सुरू झालेली ‘देवी’ची चळवळ डोंगरपट्ट्यातून गुजरातेत पोहोचली. तेव्हा आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली आणि पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला. त्यागाइतकाच तो कर्जाविरुद्धचा उठावही होता. म्हणून या इतिहासात दारूबंदीला निव्वळ वरून लादलेली गोष्ट म्हणता येत नाही.

१३/
स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या कलम ६५ नुसार दारू गाळण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा ठरला. छाप्याच्या बातमीतील ‘रसायन’ तिथून आले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी ग्राह्य धरला. मात्र अल्कोहोलयुक्त औषधी आणि प्रसाधन द्रव्यांवरील बंधने रद्द केली. अर्थशास्त्राने अरिष्टाला दिलेली सवलत वेगळ्या वाटेने परत आली. श्वेतसुरेची सवलत मात्र आली नाही.

१४/
माठ घरातून रानात आणि ओढ्याकाठी गेला तसे त्यातील ज्ञानही पालटले. मोहफुलांची जागा स्वस्त, सडक्या गुळाने घेतली. गुळाच्या पाण्यात यीस्टला लागणारा नायट्रोजन अपुरा असतो. ती उणीव भरण्यासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पडू लागला. निवळण्यासाठी थांबण्याची उसंत राहिली नाही, कारण उभे रसायन म्हणजे उभा पुरावा. पुढे नफ्यासाठी औद्योगिक मिथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांचा जीव आंबवणाने घेतला नव्हता. पिंपातून आणलेल्या विषाने घेतला.

१५/
आज नाशिकचे चित्र दुभंगलेले आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर दिंडोरी, विंचूर भागांत वाइनरी उभ्या राहिल्या. तिथे द्राक्षरस आंबवणे, निवळणे आणि पर्यटकांना चाखवणे हा प्रतिष्ठित उद्योग आहे. तिथून काही तासांवरच्या पेठ-सुरगाण्यात मोहाचा माठ हा गुन्हा आहे. दोन्हीकडे यीस्ट तेच काम करते. फरक परवान्याचा आहे, आणि परवाना मिळवण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचा.

१६/
काही दारे किलकिली झाली आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी किंवा नियमन करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार दिला. पेठ आणि सुरगाणा तालुके या क्षेत्रात येतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध शिथिल केले. फुले घरात ठेवण्याची मुभा परत मिळण्यास जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली. त्या फुलांचे काय करावे, हे ठरवण्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे आता आहे. तिथे देवीच्या चळवळीची आठवण आणि माठ लावणाऱ्या आजीचे कौशल्य या दोन्हींना बोलू द्यावे लागेल.