वर्डकॅम्पच्या टी-शर्टवर आपल्या शहरातल्या कंपनीचा लोगो कसा येतो? प्रायोजकत्वाचं पूर्ण गणित

गणपती मंडळाच्या मांडवाबाहेर ज्वेलर्सचा, स्वीट मार्टचा, बिल्डरचा फ्लेक्स असतो. दिवाळी अंकात पतपेढीची जाहिरात असते. गावातला कार्यक्रम गावातल्या धंद्याच्या जिवावर उभा राहतो, हे आपल्याला नवीन नाही.

पण हीच गोष्ट टेक कॉन्फरन्समध्येही होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पाचशे-सातशे रुपयांच्या तिकिटात दिवसभराची भाषणं, दोन वेळचा चहा, जेवण, टी-शर्ट आणि स्टिकर मिळतात. मग पैसे नक्की कोण भरतं? बदल्यात त्याला काय मिळतं? आणि पैसे देणाऱ्याने थेट माईकच मागितला तर?

हे सगळं समजून घेण्यासाठी वर्डकॅम्पचं उदाहरण बघू. कारण त्याचे प्रायोजकत्वाचे नियम लिहिलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात.

वर्डकॅम्प म्हणजे काय?

वर्डप्रेस हे वेबसाईट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर. मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल यांनी २००३ साली ते आणलं. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्यावर चालतात. ते मराठीतही वापरता येतं.

हे सॉफ्टवेअर वापरणारे, त्यावर काम करून पोट भरणारे आणि ते घडवणारे लोक एकत्र येतात तो मेळावा म्हणजे वर्डकॅम्प. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. पुढे तो शहराशहरांत पसरला. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे वर्डकॅम्प झाले आहेत. आशिया पातळीवरच्या २०२६ सालच्या वर्डकॅम्प एशियासाठी मुंबईची निवड झाली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयोजक स्वयंसेवक असतात. नोकरी-धंदा सांभाळून ते हॉल शोधतात, केटररशी भाव करतात. वक्त्यांनाही मानधन मिळत नाही.

मग खर्च कसा भागतो?

एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा २०० लोक येणार आहेत. हॉल, जेवण, चहा, साऊंड, प्रोजेक्टर, टी-शर्ट, ओळखपत्रं असं सगळं धरून माणशी १,५०० रुपये खर्च येतो. म्हणजे एकूण ३ लाख.

तिकीट ५०० रुपये ठेवलं तर १ लाख जमतात. उरलेले २ लाख कुठून आणायचे?

तिकीट १,५०० करणं हा सोपा उपाय वाटतो. पण वर्डकॅम्पमध्ये तिकीट मुद्दाम कमी ठेवायचं असा दंडक आहे. कॉलेजात शिकणारा पोरगा, घरून फ्रीलान्स काम करणारी ताई, नुकताच ब्लॉग सुरू केलेला शिक्षक, या सगळ्यांना येता यावं म्हणून.

म्हणून मधली फट प्रायोजक भरतात. आपल्या हिशोबात ७५ हजारांचा एक, २५ हजारांचे तीन आणि १० हजारांचे पाच प्रायोजक मिळाले की २ लाख पूर्ण होतात.

आता यातला ७५ हजारवाला ऐनवेळी मागे हटला तर? हॉलचा अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो, टी-शर्ट छापायला टाकलेले असतात. म्हणूनच अनुभवी आयोजक एकाच मोठ्या नावावर विसंबण्यापेक्षा लहान प्रायोजकांची संख्या वाढवतात. आणि लहान प्रायोजक बहुतेक वेळा त्याच शहरातले असतात.

जागतिक प्रायोजक आहेत, मग स्थानिक कशाला?

वर्डकॅम्पमध्ये दोन थर असतात. मोठ्या कंपन्या जगभरातल्या अनेक वर्डकॅम्पना मिळून एकत्र पैसे देतात. ब्लूहोस्ट, जेटपॅक, वूकॉमर्स ही नावं तुम्ही अशा यादीत पाहिली असतील. दुसरा थर म्हणजे त्या शहरापुरते पैसे देणारे स्थानिक प्रायोजक.

स्थानिक प्रायोजकांत वेबसाईट बनवणाऱ्या एजन्सी, होस्टिंग विकणारे, प्रशिक्षण देणारे क्लास, को-वर्किंगवाले असे सगळे येतात. पुण्याच्या आरटीकॅम्पसारख्या, वर्डप्रेसवरच मोठ्या झालेल्या कंपन्याही यात दिसतात.

प्रत्येक जण रोखच देतो असंही नाही. कोणी बैठकांसाठी ऑफिस उघडून देतं, कोणी ओळखपत्रं छापून देतं, कोणी कॅमेरा आणि माणूस पाठवतं. ही वस्तुरूप मदतही प्रायोजकत्वातच धरली जाते.

लहान धंद्याला यातून काय मिळतं?

ठरलेल्या गोष्टी या : कार्यक्रमाच्या वेबसाईटवर लोगो, आभाराची पोस्ट, रकमेप्रमाणे काही तिकिटं, मोठ्या रकमेला टेबल किंवा स्टॉल आणि व्यासपीठावरून आभार.

पण लोगो बघून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही. खरा फायदा दोन ठिकाणी होतो.

पहिला म्हणजे माणसं मिळतात. लहान शहरातल्या कंपनीची मोठी अडचण म्हणजे चांगली पोरं पुण्या-बंगळुरूला जातात. स्टॉलवर उभं राहिल्यावर त्यांना कळतं की आपल्याच शहरात असं काम चालतं.

दुसरा म्हणजे धंद्यातली ओळख. काम जास्त झालं की एजन्सी ते दुसऱ्या एजन्सीला देतात. असं काम ओळखीतून फिरतं.

पैसे दिले म्हणजे भाषण मिळतं का?

नाही. वर्डकॅम्पमध्ये भाषणाची जागा विकता येत नाही.

वक्ते अर्जातून निवडले जातात. प्रायोजक कंपनीतला माणूस अर्ज करू शकतो, पण इतरांसारखाच. निवड झाली तरी मंचावरून स्वतःचा माल विकायचा नाही. विक्रीचं बोलणं स्टॉलवर.

हा नियम का? समजा एका होस्टिंग कंपनीने पैसे देऊन वेबसाईट वेगवान कशी करावी यावर भाषण घेतलं. ती काय सांगणार? आमचं होस्टिंग घ्या. समोरचा नवखा मुलगा तेच ज्ञान समजून घरी जाणार. असं दोनदा झालं की जाणते लोक यायचे बंद होतात. आणि ते आले नाहीत तर प्रायोजकालाही तिथे उभं राहण्यात अर्थ उरत नाही.

आणखी कोणत्या अटी असतात?

पहिली अट परवान्याची. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं. म्हणजे ते वापरा, बदला, पुढे वाटा. प्रायोजक वर्डप्रेसच्या थीम किंवा प्लगइन विकत असेल तर त्याही पूर्णपणे जीपीएलखालीच हव्यात. विकायला बंदी नाही, पण घेणाऱ्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं नाही.

दुसरी अट नावाची. वर्डप्रेस हा ट्रेडमार्क आहे. वेबसाईटच्या पत्त्यात किंवा उत्पादनाच्या नावात तो शब्द घुसवलेला असेल तर प्रायोजकत्व नाकारलं जातं. कित्येक लहान एजन्सी इथेच अडकतात.

तिसरी अट उपस्थितांच्या माहितीची. तिकीट काढणाऱ्यांचे ईमेल आणि फोन नंबर प्रायोजकाला दिले जात नाहीत. स्टॉलवर येऊन तुम्ही स्वतः कार्ड दिलंत तर गोष्ट वेगळी. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, त्याचाही गाभा संमती हाच आहे. त्यामुळे पैसे देतो, यादी द्या, ही मागणी इतर कार्यक्रमांतही जपूनच करावी लागेल.

कराचं काय?

इथे लहान धंदेवाल्यांनी नीट लक्ष द्या.

देणगी की खर्च? बदल्यात लोगो आणि स्टॉल मिळत असेल तर ती देणगी नाही, जाहिरातीसारखा धंद्याचा खर्च आहे. त्यामुळे ८०जीची पावती मागू नका.

सीएसआरमध्ये बसतं का? मार्केटिंगचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांतून स्पष्टपणे वगळलेलं आहे.

जीएसटी : प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो सरकारकडे कोणी भरायचा, हा खरा प्रश्न. १६ जानेवारी २०२५ पासून, पैसे घेणारी संस्था कंपनी असेल तर ती बिलात जीएसटी लावून भरते. पण पैसे घेणारी कंपनी नसेल, म्हणजे ट्रस्ट वगैरे असेल, आणि देणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल, तर कर देणाऱ्याने भरायचा. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. गंमत अशी की रिव्हर्स चार्ज लागू झाला की उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे २५ हजारांचा लोगो छोट्या भागीदारी फर्मला वेगळ्याच कामाला लावू शकतो. एकट्या मालकाच्या दुकानाला हा रिव्हर्स चार्ज लागत नाही.

टीडीएस : १९९५ सालच्या एका परिपत्रकात प्रायोजकत्व हे जाहिरातीचं कंत्राट धरलं आहे. त्यामुळे रक्कम ३० हजारांच्या वर असेल तर टीडीएस कापायचा का, हे सीएला विचारा.

करार परदेशी संस्थेशी होणार असेल तर नियम आणखी बदलतात. म्हणून बिल कोणाच्या नावाने येणार, हा प्रश्न लोगोच्या साईजच्या आधी विचारा.

कार्यक्रमच रद्द झाला तर?

असं घडलेलं आहे. पहिला वर्डकॅम्प एशिया फेब्रुवारी २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता. कोरोनामुळे तो काही दिवस आधी रद्द झाला आणि बँकॉकमध्ये प्रत्यक्षात झाला तो थेट २०२३ साली. करारात रद्द होण्याची आणि परताव्याची अट का वाचायची, ते यावरून कळतं.

पैसे देण्याआधी हे विचारा

१. करार आणि बिल कोणत्या संस्थेच्या नावाने?
२. रद्द झालं किंवा तारीख बदलली तर पैशांचं काय?
३. लोगो कुठे, स्टॉल किती वेळ, तिकिटं किती, हे लेखी आहे का?
४. येणाऱ्यांत विद्यार्थी किती, काम करणारे किती?
५. कार्यक्रमानंतर जमाखर्च दाखवणार का?

आयोजकांसाठी सल्ला एकच. पाचवा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच हिशोब मांडा. पावती फाडून घेणारा दुकानदार मंडळाला पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी देतो, तो गेल्या वर्षीचा हिशोब बघूनच.

आणि तुम्ही नुसते ऐकायला जाणार असाल, तर जेवणाच्या सुट्टीत स्थानिक कंपन्यांच्या स्टॉलवर एक चक्कर मारा. इंटर्नशिप आहे का, काम कसं चालतं, हे बिनधास्त विचारा. ते तिथे त्यासाठीच उभे असतात.