पहिला भाव कोणी सांगायचा?

माझं गाव तळेगाव (श्यामजी पंत). कंसासकट. जिल्हा वर्धा, तालुका आष्टी, नागपूर-अमरावती हायवेवर. पुण्यात नुसतं 'तळेगाव' म्हटलं की समोरचा मला दाभाड्यांच्या तळेगावचा समजतो. शिरूरकडचा असेल तर ढमढेऱ्यांच्या. शिवाय अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे, संगमनेरकडे तळेगाव दिघे आहे. आमच्या भागात तर कंसांची चंगळच आहे. शेजारचं कारंजा (घाडगे), कारण तिकडे वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड) आहे. आमच्या तालुक्याचं गाव आष्टी (शहीद), ते १९४२ च्या लढ्यामुळे, आणि दुसरी आष्टी बीड जिल्ह्यात. नाव एक, गावं पाच, आणि भांडण शून्य. कंस टाकला की काम झालं. एका तळेगावाने दुसऱ्या तळेगावाकडे नाव विकत मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इंटरनेट बनवणाऱ्यांनी नेमका हा कंस ठेवला नाही. एक नाव, एक मालक, अख्ख्या जगात. डॉट कॉममधलं पहिलं नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ ला नोंदवलं गेलं, तेव्हा त्यात काही बिघडलं नाही, कारण नावं मूठभर होती आणि फुकट होती. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली, तोवर नाव नोंदवायला एक पैसाही लागत नव्हता. जो आधी मागेल त्याचं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच.

आणि मग कंपन्या स्टँडवर उशिरा पोचल्या. बघतात तर सीटवर कुणाचा तरी रुमाल.

आजचा लेख त्यानंतरच्या बोलण्यांबद्दल आहे. आपल्याकडचं नाव एखाद्या कंपनीला हवं असेल, तर पैसे मागणं हा धंदा आहे की लबाडी? गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत की वाचताना मजा येते. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला मजा येत नाही, हेही तितकंच खरं.

पहिला गाजलेला सौदा १९९४ चा. जोशुआ क्विट्नर नावाच्या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकासाठी लिहिता लिहिता मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि वाचकांनाच विचारलं, आता याचं काय करू? कंपनीचं तोवर तिकडे लक्षच नव्हतं. शेवटी त्याने ते नाव कंपनीला देऊन टाकलं. बदल्यात कंपनीने न्यूयॉर्कमधल्या एका शाळेला कॉम्प्युटरच्या सामानासाठी ३,५०० डॉलर दिले. आज हा आकडा वाचून हसू येतं. एक लक्षात ठेवा, इथे मागणी शिक्षणासाठी होती. तीस वर्षांनी आपल्या मुंबईतल्या एका कंपनीकडे पुन्हा तशीच मागणी आली. त्यावर येतोच.

मधल्या काळात पैसा आला. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं आणि दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, ७५ लाख डॉलरला. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. मोडेमची ती किर्रर्र किर्रर्र आणि तासाचा हिशोब, ज्यांनी ऐकलंय त्यांनी ऐकलंय. म्हणजे आपण 'लॉग इन' होईपर्यंत अमेरिकेत नावांचा मोंढा भरला होता.

मग भारतातली पहिली भांडणं. मुंबईत रेडिफ ही कंपनी १९९६ पासून वेबवर होती. सायबरबूथ नावाच्या एका उद्योगाने रॅडिफ डॉट कॉम घेतलं. इंग्रजीत फरक फक्त एका अक्षराचा, ई च्या जागी ए. देवनागरीत लिहिलं तर एक मात्रा बदलते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 'रॅडिफ' हे नाव कसं सुचलं, याचा प्रतिवादींनी दिलेला खुलासा अजरामर आहे: रॅडिकलमधली पहिली तीन अक्षरं, मग इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री यांचं एकेक. (परीक्षेत पान भरायला आपण असंच काहीतरी लिहायचो.) न्यायमूर्ती ए. पी. शाह, मूळचे सोलापूरचे, यांना हे काही पटलं नाही. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी मनाई हुकूम दिला. डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कला जसं संरक्षण मिळतं तसंच त्यालाही मिळालं पाहिजे, असं त्या निकालाचं सार.

हे वाक्य आज साधं वाटतं. पण तेव्हा भारतात डोमेन नावांसाठी वेगळा कायदा नव्हता, आणि आजही ही प्रकरणं मुख्यतः ट्रेडमार्कचा कायदा आणि 'पासिंग ऑफ'च्या तत्त्वावरच चालतात. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं. ६ मे २००४ ला सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच तत्त्वावर शिक्का मारला.

रेडिफच्या निकालात किमतीच्या बोलण्यांचा मुद्दा नव्हता. पण बोलणी कुठल्या जमिनीवर होणार, ते तिथे ठरलं. नाव म्हणजे पत्ता असेल तर तो प्लॉटसारखा विकता येतो. नाव म्हणजे ओळख असेल तर दुसऱ्याची ओळख त्यालाच विकणारा तुम्ही कोण?

त्याच वर्षी, १९९९ मध्ये, आयकॅन या संस्थेने जगभरच्या डॉट कॉम वगैरे नावांसाठी तंट्यांची एक पद्धत आणली. कोर्टात न जाता लवादाकडे तक्रार करायची. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. वाईट हेतू कशाला म्हणायचं याची उदाहरणंही नियमातच आहेत. त्यातलं पहिलंच असं की मुख्यतः ट्रेडमार्कच्या मालकाला, नोंदणीच्या खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्यासाठीच नाव घेतलेलं असणं.

या पद्धतीचा पहिला निकाल जानेवारी २००० चा, वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचा. (हो, तीच. आपण शाळेत ज्यांचे पत्ते खेळायचो ती.) कॅलिफोर्नियातल्या एकाने फेडरेशनचं पूर्ण नाव नोंदवलं आणि तीनच दिवसांनी त्यांना कळवलं की १,००० डॉलरला देतो. संपलं. त्याचं स्वतःचं पत्रच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरलं.

मार्च २००० मध्ये मुंबईच्या बेनेट कोलमनने 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'इकॉनॉमिक टाइम्स' या नावांमागे 'द' लावून केलेली डोमेन्स अमेरिकेतल्या लोकांकडून याच मार्गाने मिळवली. त्याच वर्षी टाटा सन्सने एका अमेरिकन प्रौढांच्या साइटचं नाव ताब्यात घेतलं, कारण त्यात 'टाटाज' हा शब्द होता. अमेरिकन बोलीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तुम्हीच शोधा, आणि ऑफिसच्या मशीनवर शोधू नका.

पण माझं आवडतं प्रकरण कॅनडातलं. माईक रो नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. वेब डिझाइनची छोटी कामं करायचा. त्याने स्वतःच्या नावापुढे 'सॉफ्ट' जोडून डोमेन घेतलं. माईकरोसॉफ्ट. मोठ्याने म्हणून बघा. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी नाव परत मागितलं आणि नोंदणीचा खर्च म्हणून १० डॉलर देऊ केले. पोराला राग आला. त्याने १०,००० मागितले. बस्स, वकिलांना हवं होतं ते मिळालं: बघा, हा विकायलाच बसलाय! २००४ च्या जानेवारीत ही बातमी जगभर झाली, लोक मुलाच्या बाजूने उभे राहिले, आणि कंपनीला लाज वाटून तडजोड झाली. त्याला एक एक्सबॉक्स, कंपनीच्या कोर्सेसचं प्रशिक्षण, मुख्यालयाची सफर वगैरे मिळालं. नाव गेलं.

इथे जरा थांबू. १० डॉलर हा भाव नव्हताच, तो सापळा होता, असं माझं मत. अपमानास्पद आकडा टाकायचा, समोरचा चिडून मोठा आकडा बोलेल, आणि तो आकडा फायलीत लावायचा. मुद्दाम केलं की सवयीने झालं, देव जाणे. परिणाम तोच.

आता याच्या उलट. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची एक मोठी संघटना आहे, अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन. त्यांच्याकडे एफबी डॉट कॉम होतं. फार्म ब्युरो म्हणून एफबी. फेसबुकला ते हवं झालं, आणि २०१० मध्ये सौदा झाला ८५ लाख डॉलरला. शेतकऱ्यांनी एफबी डॉट ऑर्ग स्वतःकडे ठेवलं आणि काम चालू. (आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला अशी दोन अक्षरं सापडावीत, एवढीच इच्छा.) कोणी त्यांना लबाड म्हटलं नाही, कारण नाव घेतलं तेव्हा फेसबुक जन्मालाही आलेलं नव्हतं.

आणि तिसरा प्रकार, न विकणाऱ्याचा. उझी निसान हा इस्रायलहून अमेरिकेत गेलेला माणूस. निसान हे त्याचं आडनाव. १९९४ मध्ये त्याने आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानासाठी निसान डॉट कॉम घेतलं. १९९९ मध्ये मोटार कंपनीने त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. आठ वर्षं खटला चालला. नाव त्याच्याकडेच राहिलं, पण त्यात त्याचा किती पैसा आणि आयुष्य गेलं ते विचारू नका. २०२० मध्ये कोविडने तो गेला, तेव्हाही नाव त्याचंच होतं.

तर हजार डॉलर मागणारा हरला, ८५ लाख घेणारे सन्मानाने घरी गेले. आकड्याचा काही संबंधच नाही. संबंध तारखेचा आहे. नाव कधी घेतलं, तेव्हा तुमच्या डोक्यात कोण होतं, तुमचा स्वतःचा धंदा की समोरची कंपनी.

म्हणूनच २०२४ चं जिओहॉटस्टार प्रकरण मला जरा वाईट वाटत वाटत वाचावं लागलं. दिल्लीतल्या एका तरुण ॲप डेव्हलपरने २०२३ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम घेतलं. तर्क अगदी इंजिनियरचा: जिओने सावन घेतलं तेव्हा जिओसावन झालं, उद्या हॉटस्टार आलं तर काय होईल? तर्क तंतोतंत बरोबर निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने साइटवर चक्क पत्र लावलं: केंब्रिजमध्ये शिकायचं आहे, रिलायन्सने फीचे ९३,३४५ पौंड द्यावेत, नाव घेऊन जावं. किती प्रामाणिक! आणि तोच प्रामाणिकपणा नियमाच्या शब्दाशब्दात बसला. हेतू त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. कंपनीने नकार दिला, कायदेशीर कारवाईची भाषा आली. नंतर ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि डिसेंबरमध्ये त्यांनी रिलायन्सला ते फुकट देऊ केलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला ॲप सुरू झालं. १९९४ मध्ये शाळेला साडेतीन हजार डॉलर मिळाले होते, पण तेव्हा हा नियमच नव्हता.

हे सगळं खणायचं कारण सांगतो. तळेगावच्या माझ्या एका मित्राचा संत्र्यांचा व्यवसाय आहे. त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या मालाच्या नावाचं एक डोमेन घेतलं होतं. मध्यंतरी त्याला एका दलालाचा मेल आला, 'आमच्या ग्राहकाला आपल्या नावात रस आहे, आपली अपेक्षा कळवावी.' ग्राहक कोण ते नाही. मित्राचा फोन आला, "सांगून देऊ का बे दहा लाख?"

मी म्हटलं, थांब. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधलं. त्या नावाची कुणाची नोंद आहे का, आणि असली तर तुझ्या आधीची की नंतरची. एका कंपनीचा अर्ज निघाला, पण याच्या डोमेनच्या कितीतरी नंतरचा. मग जुन्या पावत्या, पेट्यांवरचे छापील लेबल, वेबॅक मशीनमधली त्याची जुनी साइट, सगळं एका फोल्डरमध्ये जमा केलं. उत्तर दोन ओळींचं लिहिलं: हे नाव मी माझ्या धंद्यासाठी वापरतो, विक्रीला काढलेलं नाही, आपला काही प्रस्ताव असल्यास कळवावा. आकडा नाही. सौदा ठरलाच तर पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे मध्यस्थाकडे जमा, मगच ट्रान्सफरचा कोड द्यायचा. डॉट इन असतं तर तंटा निक्सीच्या लवादाकडे गेला असता, पण हेच सगळं कामाला आलं असतं.

हेही त्याला सांगितलं की आंतरराष्ट्रीय लवादाकडे नुसती तक्रार करायची फी कंपनीला १,५०० डॉलर पडते, वकील वेगळा. त्यामुळे पहिला प्रस्ताव त्याच्या आसपासचा आला तर दचकू नको, खूशही होऊ नको.

मला वाटलं त्याला हे सगळं समजावायला तास लागेल. तो म्हणाला, "हे काय सांगतं बे मले. व्यापारी बागेत आला की आपण भाव बोलतच नाही. तो फिरते, झाडं पाह्यते, तोच बोलते."

दलालाचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. आकडा मी लावला होता त्यापेक्षा थोडा वर होता. मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. त्याचं म्हणणं, व्यापारी एकदा बागेतून गेला तरी गाडी हायवेवर चहाला थांबतेच.