ओरत्तनाडुचे छत्र

तंजावरास बदलून आलेला महाराष्ट्रीय अधिकारी पहिल्या रविवारी बृहदीश्वराचे दर्शन घेतो आणि मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास जमेल तितका वाचतो. दुसऱ्या रविवारी तो सरस्वती महाल पाहतो, आणि मग तंजावर आपले पाहून झाले अशी त्याची समजूत होते. तिसऱ्या रविवारी त्याने पट्टुकोट्टैच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर जावे, असे आमचे सुचविणे आहे. तेथे ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. दुसऱ्या सरफोजी राजाने मुक्तांबा हिच्या नावे बांधलेले छत्र या गावी आहे, आणि त्यावरून गावालाही मुक्तांबाळपुरम् असे नाव पडले होते. रथाच्या आकाराचे दगडी जोते, ते ओढणारे कोरीव हत्ती-घोडे, आत चौक व खांबांच्या ओसऱ्या अशी ती वास्तू आहे. काळाने तिचा बराच भाग जीर्ण केला आहे. परंतु आम्हांस येथे शिल्पाविषयी लिहावयाचे नाही. या एका छत्राच्या आधारे या भागाचा दोनशे वर्षांचा राजकीय इतिहास सांगता येतो, तो सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरी स्थापिलेले राज्य १७९९ च्या ऑक्टोबरात वस्तुतः संपले. सरफोजी गादीवर बसून एक वर्षच झाले होते. कंपनीशी झालेल्या तहान्वये सारा मुलकी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख स्टार पॅगोडा व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वसूल नाही, न्याय नाही, फौज नाही, अशा राजाने राजा म्हणून करावे तरी काय? १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस लिहिलेल्या पत्रात सरफोजीने याचे उत्तर दिले आहे. रामेश्वराच्या वाटेवर पूर्वजांनी बांधलेल्या छत्रांचे वर्णन करून, त्यांचा धर्मादाय तेवढा खंडित होऊ नये अशी त्याने विनवणी केली. ब्राह्मणापासून समाजाने शेवटच्या पायरीवर बसविलेल्या माणसापर्यंत सर्वांस तेथे अन्न मिळे. आजाऱ्यास औषध, बाळंतिणीस शुश्रूषा, वाटेत पोरक्या झालेल्या मुलांस आश्रय व शिक्षण मिळे. या दानामुळेच दूरदेशीचे लोक तंजावरला धर्मराज्य म्हणतात, आणि आपल्या पदाची खरी प्रतिष्ठा तीच होय, असा त्या पत्राचा आशय आहे.

या पत्रात केवळ भूतदया पाहणे आम्हांस अपुरे वाटते. ज्याची सत्ता गेली आहे, त्याने सत्तेचा एक अंश मोठ्या चातुर्याने राखल्याचे ते पत्र आहे. नीडामंगलम् येथे यमुनांबेचे, मणमेल्कुडी येथे द्रौपदांबेचे, अशी राजस्त्रियांच्या नावांची छत्रे या मुलखात होतीच. पत्रानंतर वर्षभरातच ओरत्तनाडुचे छत्र उभे राहिले. मुक्तांबा राजाची प्रिया होती. ती अल्पवयात वारली आणि आपल्या नावे छत्र व्हावे ही तिची अखेरची इच्छा होती, अशी आठवण सांगतात. श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजीने तेथे अन्नाच्या जोडीस पाठशाळाही ठेवली, आणि तीत जुन्या विद्यांबरोबर इंग्रजीसही स्थान दिले.

१८५५ साली दुसरा शिवाजी पुत्रावाचून निवर्तला आणि डलहौसीच्या राजवटीत राजपदही खालसा झाले. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. खालसा करणे हे राज्यसत्तेचे कृत्य असून त्याची चौकशी न्यायालयास करता येत नाही, असा तो निवाडा आहे. कायद्याच्या अभ्यासकांस तो आजही परिचित असेल. राजाच्या मस्तकावरचे छत्र गेले, वाटसराच्या माथ्यावरचे राहिले. कारण छत्रांस लावून दिलेल्या जमिनी होत्या आणि त्यांचे उत्पन्न चालू होते. पुढे हा कारभार स्थानिक बोर्डांच्या हाती आला.

येथून ओरत्तनाडुच्या राजकारणाचे दुसरे पर्व सुरू होते. बोर्ड ही निवडणुकीने बनू लागलेली संस्था. ज्याच्या हाती बोर्ड, त्याच्या हाती छत्रांचे उत्पन्न. सर ए. टी. पन्नीरसेल्वम् हे जस्टिस पक्षाचे पुढारी १९२० नंतरच्या दशकात तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. ओरत्तनाडु व राजामडम् येथील छत्रांच्या वसतिगृहांचा लाभ तोवर मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांस मिळे. तो त्यांनी ब्राह्मणेतरांस खुला केला. तिरुवैयारच्या संस्कृत महाविद्यालयात तमिळ विद्येचा प्रवेश झाला, तोही त्यांच्याच अमदानीत. याच सुमारास कावेरी-मेट्टूर योजनेखाली नवा कालवा खोदला गेला. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि ओरत्तनाडु-पट्टुकोट्टैच्या कोरडवाहू जमिनीस पाणी मिळाले. वसतिगृहाने मुलांना अक्षर दिले, कालव्याने बापाला पीक दिले. या दोहोंतून जो शेतकरी वर्ग पुढे आला, त्याने पुढील राजकारण घडविले.

त्या वर्गाच्या राजकारणाची भाषा तमिळ होती. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनातील विद्यार्थी-नेते एल. गणेशन् याच भागातले. द्रविड मुन्नेट्र कळघमच्या वतीने ते १९७१ साली आणि पुन्हा १९८९ साली ओरत्तनाडुतून विधानसभेवर गेले. २००१, २००६ व २०११ अशा लागोपाठ तीन निवडणुका अण्णा द्रमुकच्या आर. वैद्यलिंगम् यांनी जिंकल्या. मंत्री असताना, २०१६ साली, ते येथेच द्रमुकच्या एम. रामचंद्रन् यांच्याकडून पराभूत झाले आणि २०२१ साली पुन्हा निवडून आले. मतदारांनी मंत्र्यालाही घरी बसविले आणि पाच वर्षांनी परत बोलाविले, याची नोंद राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतक्याच आदराने केली पाहिजे. २०१२ साली गावी पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. राज्यकर्ता बदलला, तरी त्याने अन्न, विद्या व औषध यांची सोय करावी ही या मुलखाची अपेक्षा मात्र सरफोजीच्या पत्रात होती तीच राहिली.

हा इतिहास वाचून आमच्या काही वाचकांस विषाद वाटेल, हे आम्ही जाणतो. आपल्या राजाने बांधले आणि दुसऱ्यांनी वापरले, ज्या छत्रात एके काळी मराठीत हिशेब लिहिले जात तेथे आज मराठी अक्षर वाचणारा विरळा, हे शल्य खरे आहे. मात्र छत्राचा जमाखर्च निराळ्या रीतीने मांडावा लागतो. सरफोजीच्या काळीही तेथे पंक्तिभेद होताच, आणि पोटभर अन्न मिळूनही विद्येच्या दारात पुष्कळांना थांबावे लागे. ती उणीव पुढच्या लोकांनी भरून काढली, आणि ती भरण्यास लागणारी साधने आपल्याच राजाने ठेवलेली होती. शिवाय मातृभाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या तमिळ विद्यार्थ्याकडे परकेपणाने पाहणे आपणांस शोभणार नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य मिळविणाऱ्यांनी तरी त्याचे मन ओळखले पाहिजे.

आपण सारे बदलीचे धनी. तीन वर्षे एका गावी, पुढची तीन दुसऱ्या. आपल्या सहीने कोठे शाळेला जागा मिळते, कोठे दवाखान्यास पाणी. आपले नाव कोणाच्या स्मरणात राहत नाही, आणि त्याची खंत अधूनमधून वाटते, हे खोटे का म्हणावे? अशा वेळी ओरत्तनाडुच्या ओसरीवर घटकाभर बसावे. ज्या मुलांना या छत्राने अन्न दिले, वह्या दिल्या, त्यांपैकी किती जणांस मुक्तांबा कोण हे ठाऊक होते? तरीही ती मुले शिकली, बोर्डावर गेली, विधानसभेत गेली. राजाचे दान त्यांच्यापर्यंत पोचले होते.