काळ्या मातीतील ‘लो रेंज’ आणि जादा दिव्यांची जोडणी

यवतमाळ जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. अशा वाटेवर १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीसारख्या ‘फोर व्हील ड्राइव्ह’ वाहनातील ‘लो रेंज’ उपयोगी पडते. तीत वेग घटतो. मात्र चाकांना मिळणारा जोर वाढतो. चिखलात शिरण्यापूर्वीच गाडी थांबवून, क्लच दाबून ती लावावी. रुतल्यावर चाके गरगर फिरविल्यास गाडी अधिकच खचते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती वापरू नये. वळणावर पुढील व मागील चाकांच्या वेगातील फरक सामावला जात नाही आणि यंत्रणेवर ताण येतो.

रात्रीच्या शेतवाटेसाठी अनेकदा जादा दिवे बसविले जातात. १२ व्होल्टवर १०० वॉटचे दोन दिवे सुमारे १७ अँपिअर प्रवाह घेतात. हा भार मूळ बटणावर टाकल्यास तार तापून आग लागू शकते. त्यामुळे बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार घ्यावी, बॅटरीलगतच २५ अँपिअरचा फ्यूज बसवावा आणि बटणाने केवळ रिले चालवावा. तार फ्यूजपेक्षा अधिक प्रवाह पेलणारी हवी. इंजिन बंद असताना दिवे सुरू ठेवल्यास बॅटरी उतरते आणि आडरानात गाडी ढकलण्यासही माणूस मिळत नाही.