नाणी, नोटा आणि आपला इतिहास

जुनी नाणी जमविण्याचा छंद हा केवळ धनिकांचा विरंगुळा आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः नाणे हे इतिहासाचे सर्वांत स्वस्त व विश्वसनीय साधन होय. बखरकार पक्षपात करील, ताम्रपट बनावट निघेल. परंतु बाजारात हजारो हातांतून फिरलेले नाणे राजाचे नाव, गाव आणि साल सांगून जाते.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घेऊ. 1703 साली औरंगजेबाचा तळ येथे असता त्याचा नातू मुहि-उल-मिलत मरण पावला आणि बादशहाने त्याच्या स्मरणार्थ या गावाचे नाव मुहियाबाद ठेवले. पुढे पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीत रुपये पडू लागले. त्यांवरील मजकूर मात्र फार्सी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आणि टांकसाळीचे नाव ‘मुहियाबाद पूना’! मराठ्यांची खूण म्हणून त्यावर अंकुशाची आकृती असे. म्हणून हा ‘अंकुशी रुपया’. सत्ता पेशव्यांची असली तरी बादशहाच्या नावाचे नाणे बाजारात निर्वेध चाले, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. 1818 नंतर इंग्रजांनीही काही वर्षे हाच रुपया पाडला. 1835 मध्ये कंपनीने सर्वत्र एकच रुपया सुरू केला, तेव्हा त्यावरही फार्सीत ‘यक रुपिया’ ही अक्षरे होतीच. रुपयाचे हे नाव व त्याचे सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचे वजन शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात रूढ केलेले. याउलट शिवाजी महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकानंतर होन व शिवराई यांवर नागरी अक्षरे घातली. एकाच मुलखातील ही दोन प्रकारची नाणी शेजारी ठेवली म्हणजे इतिहास किती गुंतागुंतीचा आहे, हे ध्यानी येते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्यापैकी उर्दू जाणणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. अंकुशी रुपयावर ‘जर्ब’ हा शब्द शोधा; त्याच्या लगतच टांकसाळीचे गाव सापडते. ‘जुलूस’ या शब्दाजवळचा आकडा म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष. चांदीची चकती ठशापेक्षा लहान असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा थोडाच भाग उमटतो. दोन-चार नाणी जुळवून पूर्ण ओळ लावावी लागते. हे काम इतिहासाच्या कित्येक पदवीधरांना साधत नाही. उर्दू शाळेतल्या मुलाला थोड्या सरावाने साधेल.

आता मोठ्या नोटांकडे वळू. 1938 साली दहा हजार रुपयांची नोट निघाली. सामान्य घरांत ती कोणी पाहिलीही नसेल. युद्धकाळातील काळा पैसा बाहेर काढण्यासाठी जानेवारी 1946 मध्ये पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. 1954 मध्ये हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा पुन्हा आल्या आणि जानेवारी 1978 मध्ये पुन्हा रद्द झाल्या. या दोन्ही वेळी झळ थोड्यांनाच लागली. 8 नोव्हेंबर 2016 रोजी मात्र पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा चलनातील सुमारे 86 टक्के मूल्य त्यांत होते. म्हणून घरोघरी रांगा लागल्या. 2017 च्या कायद्यानुसार अशा रद्द नोटा दहांपेक्षा अधिक बाळगणे दंडनीय आहे. अभ्यास वा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. संग्राहकांनी हे विसरू नये.

पालकांना एक इशारा देणे आवश्यक वाटते. 786 क्रमांकाच्या नोटा आपल्याकडे बरकतीच्या म्हणून जपल्या जातात. श्रद्धेने जपणे निराळे. परंतु ‘अशा नोटेला लाखो रुपये देतो, आधी कर व कमिशन भरा’ असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. आपल्या नावाने असे पैसे उकळले जातात, आपण असा व्यवहार करीत नाही, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले. विकत घेणारा आधी पैसे मागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

छंदास सुरुवात करावयास मोठे भांडवल लागत नाही. आजीच्या डब्यातील भोकाचा पैसा, आणा, चवली-पावली येथूनच आरंभ करावा. नाणे चिंच-राखेने कधीही घासू नये; चकाकी येते, पण अक्षरे झिजतात आणि किंमत जाते. प्रत्येक नाण्यासोबत ते कोठे, केव्हा, कोणाकडून मिळाले याची चिठ्ठी ठेवावी. जमिनीत सापडलेले धन 1878 च्या कायद्याप्रमाणे सरकारास कळवावे लागते. शंभर वर्षांवरील नाणी परदेशी नेण्यासही बंदी आहे. अधिक पाहण्याची इच्छा असेल त्यांनी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था अवश्य पाहावी.

ज्या लिपीला आज परकी म्हणून हिणविले जाते, ती पेशव्यांच्या रुपयावर उमटलेली आहे. हे सांगण्यासाठी वादविवादाची गरज नाही. तळहातावर एक अंकुशी रुपया ठेवून तो नीट वाचून दाखविला, म्हणजे झाले. आपल्या मुलामुलींनी ते वाचन शिकावे, एवढीच अपेक्षा.