देवघर ते मत्स्यालय : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात शीर्षपाद प्राण्यांच्या जतनाचा इतिहास

प्रस्तावना

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही गावे सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर वसलेली आहेत. त्यामुळे ऑक्टोपस, माकूळ अशा शीर्षपाद प्राण्यांशी येथील सांस्कृतिक इतिहासाचा संबंध नसावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रस्तुत निबंधात या समजुतीचा पुनर्विचार केला आहे.

देवघरातील शीर्षपाद

देशावरील अनेक पारंपरिक देवघरांत विष्णुस्वरूप मानून पूजला जाणारा शाळिग्राम हा नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातील काळा पाषाण होय. त्यावरील ‘चक्र’ म्हणजे अमोनाइट या नामशेष शीर्षपादाच्या शंखाचा ठसा. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे असलेल्या टेथिस समुद्राच्या गाळात, प्रामुख्याने जुरासिक काळात, हे जीव गाडले गेले. शिरूर-दौंडचा काळा पाषाण मात्र लाव्हारसाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर तो रस पसरत होता, त्याच सुमारास अमोनाइटही पृथ्वीवरून नाहीसे झाले. येथील भूमीत शाळिग्राम सापडू शकत नाही. तो येथे आला, तो यात्रेकरू, साधू वा व्यापारी यांच्या हातूनच. पंचायतनात त्याच्याशेजारी नर्मदेचा बाण व शोण नदीतील तांबडा पाषाण असतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने अशा देवघराकडे दळणवळणाचे साधन-साहित्य म्हणूनही पाहिले पाहिजे.

मत्स्यालयाचा जन्म

जिवंत शीर्षपाद काचेआड ठेवून पाहण्याची परंपरा मात्र अर्वाचीन आहे. सिसिलीतील मेसिना येथे झान व्हिल्प्रू-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने १८३२ मध्ये काचेची मत्स्यालये तयार करून घेतली, ती आर्गोनॉट या ऑक्टोपसकुलातील प्राण्याच्या अभ्यासासाठी. हा प्राणी दुसऱ्याचे कवच बळकावतो, असा समज तेव्हा प्रचलित होता. तो आपले कवच स्वतःच घडवतो व फुटल्यास सांधतो, हे तिने निरीक्षणाने सिद्ध केले. मुंबईत १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले आणि सागरी जीवसृष्टी देशावरून येणाऱ्या प्रेक्षकांनाही जवळून पाहता आली.

जतन की बंदिवास?

आज शहरांतील हौस तालुक्याच्या गावीही पोहोचते. म्हणून ऑक्टोपस घरी पाळावा काय, हा प्रश्न येथेही अप्रस्तुत नाही. एकही शीर्षपाद गोड्या पाण्यात जगत नाही. भीमेचे पाणी त्याला चालणार नाही. त्याचे रक्त तांबेयुक्त, हृदये तीन. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्यास घातक ठरते. अंगात हाड नसल्याने तो अरुंद फटीतून निसटतो. बहुतेक जातींचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच असून अंडी राखता राखता मादी प्राण सोडते. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने शीर्षपादांना संवेदनक्षम प्राणी म्हणून मान्यता दिली आहे.

निष्कर्ष

व्हिल्प्रू-पॉवरने प्राणी पेटीत ठेवला तो जाणून घेण्यासाठी. केवळ शोभेसाठी त्यास समुद्रापासून तोडणे हे त्या परंपरेचे अनुकरण ठरत नाही. शिरूर-दौंडच्या घरांनी शाळिग्रामाच्या रूपाने एक शीर्षपाद पिढ्यान् पिढ्या जपला आहे. त्या चक्राचा अर्थ विद्यार्थ्यांना उलगडून सांगणे हे येथील महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र या विभागांचे समान कार्य ठरावे.