रुळांपलीकडचे शेत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, हे आपली मुले शाळेत शिकतात. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. परंतु ज्यांच्या शेतांतून तो गेला, त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. त्यान्वये सरकारने रेल्वे कंपनीस ९९ वर्षांसाठी विनामूल्य जमीन द्यावयाची होती. शिवाय भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी होती. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, ती मिळवून देणार सरकार, आणि वापरणार तिसराच.

संपादनात जमिनीच्या पट्टीची मोजणी होते; तुटलेल्या वाटेची होतेच असे नाही. भातशेतीतून भराव गेला की घर व खळे एका अंगास, खाचरे दुसऱ्या अंगास राहतात. बैलगाडीची वाट खुंटते, पावसाचे पाणी तुंबते.

१८९० च्या रेल्वे कायद्याने हा त्रास मान्य केला. रुळांमुळे जमिनीच्या वापरात खंड पडत असल्यास रेल्वेने स्वखर्चाने फाटक, पूल, मोरी किंवा वाट करून द्यावी व पाणी पूर्ववत वाहते ठेवावे, असे त्यात आहे. मात्र वेगळी मुदत ठरली नसेल, तर गाडी सुरू झाल्यापासून १० वर्षांनंतर नव्या सोयीचा खर्च रेल्वेवर लादता येत नसे. या हिशेबाने ठाणे-कल्याण मार्गाची मुदत १८६४ सालीच, म्हणजे कायदा होण्याच्या २६ वर्षे आधी, संपली होती! त्यानंतर शेतकऱ्याने वाट मागावी ती स्वतःच्या खर्चाने.

पुढे रूळ वाढत गेले. १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला झाला. २०२२ साली ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली. आजोबा ज्या ठिकाणी बैल घेऊन रूळ ओलांडीत, तेथे नातवाने पाऊल टाकले तर १९८९ च्या कायद्याप्रमाणे तो अपराध ठरतो. जिवाच्या रक्षणासाठी हा नियम योग्यच आहे. पण मग पर्यायी वाट कोठे आहे, हे विचारणेही तितकेच योग्य आहे.

वाचकहो, हा केवळ गतकाळ नव्हे. आपल्या जिल्ह्यात बुलेट ट्रेनसाठीही जमिनी घेतल्या गेल्या आहेत. १९८९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये वाट व पाणी यांचे बंधन कायम आहे, आणि १० वर्षांची मर्यादाही. वाटेऐवजी भरपाई स्वीकारली असेल, तर पुढे ती वाट मागता येत नाही.

म्हणून शेतातून नवा मार्ग जाणार असेल, तर मोजणीच्या दिवशीच आपली वहिवाट व पाण्याचा ओहोळ दाखवावा आणि मागणी लेखी द्यावी. सही करण्यापूर्वी कागद घरात सर्वांनी वाचावा. मोबदला एकदाच मिळतो व खर्चूनही जातो. शेताकडे जाण्याची वाट मात्र पुढच्या पिढ्यांनाही लागते.